खिशात मावेल असा कॅमेरा

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण तुझा फोन वहिनी स्पीकरवर टाकते, आई पलीकडून जेवलीस का, जेवलीस का विचारत राहते, तुझी छोटी मध्येच फोन चाटते आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात सांगून होणारं नाही. शिवाय मला ते कागदावरच हवं आहे, माझ्या अक्षरात, खाली माझ्या सहीसकट. का, ते शेवटी सांगेन. आधी शेवटचं पान उलटून बघू नकोस, तुझी ती खोड मला पाठ आहे.

कंबर कशी आहे? वहिनीला सांगतोस तसं "बरी आहे गं" नको, खरं सांग. पट्टा बांधतोस का? गोदामातल्या त्या दिवसाला आता पाच महिने होतील. ट्रॉली बंद पडली म्हणून मुकादम म्हणाला, "हातानेच घ्या रे, चारच पेट्या आहेत," आणि तिसऱ्या पेटीला तुझ्या कमरेतून वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज तू मला इतक्या वेळा हसत हसत करून दाखवला आहेस की मला तो झोपेतही ओळखू येईल. त्यानंतर डॉक्टरांचे कागद, गोदामवाल्यांचे कागद, विमा कंपनीचे कागद. भरपाई मंजूर झाली तर तू नीट उपचार घेशील. नाही झाली तर पट्टा आवळशील आणि पुन्हा पेट्यांना हात घालशील, आणि मग काय होईल ते डॉक्टरांनी तुला सांगितलंय, वहिनीने मला सांगितलंय आणि आईला कुणीच सांगितलेलं नाही. दर फोनला मी विचारते, अर्जाचं काय झालं? आज विचारत नाही.

आज मी तुला माझ्या नोकरीबद्दल सांगणार आहे. तू सगळीकडे सांगत फिरतोस, आमची बारकी ऑफिसात फोटोग्राफर आहे, अपघात झालेल्या लोकांचे फोटो काढते, त्या फोटोंमुळे त्यांना पैसे मिळतात. यात तुझी काही चूक नाही. मीच तुला असं सांगितलं होतं आणि सांगताना मलाही तसंच वाटत होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी जो प्रकल्प केला, तो आठवतो? रात्रंदिवस डोकं खाल्लं होतं तुझं. कॅमेरा कुणाच्या बाजूने बोलत नाही, म्हणून ज्याच्या बाजूने कुणीच बोलत नाही त्याला कॅमेऱ्याचा आधार आहे, असं मोठ्या थाटात लिहिलं होतं मी त्यात. तू ते वाक्य दोनदा वाचलंस आणि म्हणालास, "कळलं नाही, पण भारी आहे." मग निकाल लागला, आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवीधर झालं, आणि लग्नाचे फोटो काढणं सोडलेल्या एका गृहस्थाकडून तू मोठा डीएसएलआर घेऊन आलास. कोपरे घासलेला, पट्ट्याला दुसऱ्याच्या मानेचा घाम मुरलेला, पण काय कॅमेरा! तो गळ्यात घालून मी मुलाखतीला गेले आणि त्या कॅमेऱ्यासकट मला ठेवून घेतलं.

ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. जिन्यात कायम रबराचा वास येतो आणि तो केसांत बसतो. विमा कंपन्यांकडे आलेल्या दाव्यांची चौकशी करून द्यायची, हा धंदा. साहेब बोलायला इतके गोड की पहिले तीन महिने मला ते देवमाणूस वाटले. कधी आवाज चढवत नाहीत, सगळ्यांना अहो-जाहो करतात. फक्त एक सवय आहे. फाइलीचं पान उलटताना बोट जिभेवर ओलं करतात. हाडं मोडलेल्या, भाजलेल्या, बोटं गेलेल्या माणसांच्या कागदांच्या कोपऱ्यावर त्यांच्या थुंकीचा ओला गोल डाग राहतो. आधी मला त्याचं काही वाटायचं नाही. आता ते बोट जिभेकडे जाताना दिसलं की मी मान फिरवते.

त्यांनी मला सात-आठ महिन्यांपूर्वी बोलावलं आणि म्हणाले, "तुमचा मोठा कॅमेरा उत्तमच आहे. त्याला जोड म्हणून एक छोटा घ्यायचा आहे. खिशात मावेल असा. तुम्हीच निवडा, तुम्हाला त्यातलं कळतं." दादा, तुला सांगते, मला आभाळ ठेंगणं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या शिक्षणाला कुणीतरी काम दिलं होतं. मी तीन शनिवार एका कॅमेऱ्यांच्या दुकानात काढले. दुकानदार म्हातारा आहे, जाड भिंगांचा चष्मा, पूर्वी त्याचा स्टुडिओ होता. पहिल्या शनिवारी त्याने मला एकही कॅमेरा हातात दिला नाही. म्हणाला, "बाई, मोठा जे करतो तेच करणारा छोटा घेतलात तर पैसे पाण्यात. मोठ्याला काय जमत नाही, ते आधी लिहून आणा."

मी लिहिलं. मोठ्याला अडचणीच्या खोलीत मागे सरकायला जागा मिळत नाही. दिवसभर गळ्यात घातला तर मान धरते. आतला आरसा उचलला जातो तेव्हा खटाक् आवाज येतो आणि झोपलेला रुग्ण दचकतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लोक त्याला बिचकतात. ही यादी घेऊन दुसऱ्या शनिवारी गेले, तेव्हा त्याने काउंटरवर हिरवं फडकं अंथरून तीन कॅमेरे मांडले. पहिला साबणाच्या वडीएवढा, भिंग जागचं न हलणारं, पण आतला सेन्सर मोठा. सेन्सर म्हणजे उजेड झेलणारी पाटी रे, ती जितकी मोठी तितका अंधुक खोलीतही रंग खरा येतो. जखम हिरवी पडली आहे की जांभळी, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. मी त्याच्या प्रेमातच पडले. दुसरा लांबचं जवळ आणणारा, बटण दाबलं की त्याचं भिंग हत्तीच्या सोंडेसारखं बाहेर यायचं, पण सेन्सर नखाएवढा, संध्याकाळी सगळं रवाळ व्हायचं. तिसरा या दोघांच्या मधला. सेन्सर ठीक, भिंग बऱ्यापैकी लांब जाणारं, मागचा पडदा वर उघडणारा, म्हणजे कॅमेरा मांडीवर ठेवून वरून खाली बघत फोटो काढता येतो. चालू केला की एक अंक मोजेपर्यंत तयार. आणि आवाज पूर्ण बंद करता येणारा.

मला पहिला हवा होता, साहेबांना दुसरा. तिसऱ्यावर तोड निघाली. मी चार पानांचं टिपण करून दिलं, तक्त्यासह. प्रत्येक गुणापुढे कारण लिहिलं. "आवाज बंद करता येतो, त्यामुळे वेदनेत असलेल्या माणसाला त्रास होत नाही." "पडदा वर उघडतो, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उंचीवरून, त्याच्यावर वाकून न राहता फोटो घेता येतो." "आकार लहान, त्यामुळे लोक बिचकत नाहीत." साहेबांनी ते टिपण सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाले, शिकलेलं माणूस घेतलं की हा फायदा होतो. मी लाजले. नंतर ते टिपण माझ्याकडे परत आलं तेव्हा त्याच्यावर लाल शाईच्या रेघा होत्या. प्रत्येक वाक्याच्या फक्त पहिल्या अर्ध्या भागाखाली. आवाज बंद करता येतो. पडदा वर उघडतो. शेवटच्या वाक्याखाली मात्र पूर्ण रेघ होती.

तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, साहेब घाईत असतील.

काम कसं करायचं ते मला आमच्या जुन्या तपासनिसाने शिकवलं. सगळे त्यांना मांजर म्हणतात, तेही रागावत नाहीत. पाय वाजत नाहीत त्यांचे. मागे येऊन कधी उभे राहतात ते त्यांच्या तंबाखूच्या वासानेच कळतं. ते म्हणाले, "पोरी, सोपं आहे. मोठा दाखवायचा, छोटा चालवायचा." म्हणजे असं, की आधी रीतसर फोन करून, वेळ ठरवून, गळ्यात मोठा कॅमेरा घालून अर्जदाराच्या घरी जायचं. बसायचं, चौकशी करायची, फोटो काढायचे, सही घ्यायची. माणूस सुटकेचा श्वास सोडतो, झाले एकदाचे फोटो. दोन-तीन दिवसांनी तोच माणूस निर्धास्तपणे घराबाहेर पडतो, तेव्हा समोर छोटा घेऊन बसायचं. दादा, मोठ्या कॅमेऱ्याचं काम फोटो काढणं नव्हतंच. फोटो काढून झाले असं माणसाला वाटायला लावणं, एवढंच त्याचं काम. तू घासाघीस करून आणलेला तो कॅमेरा, ज्याला मी अजून झोपताना उशाशी ठेवते, तो आमिष म्हणून लावत होते हे लोक. आणि मी? मी मांजराला म्हटलं, पण खोटं बोलणारेही असतीलच ना, ते पकडले गेले तर खऱ्यांचाच फायदा. ते हसले. म्हणाले, "असंच म्हणत राहा. पचायला सोपं जातं."

मला पहिलाच माणूस मिळाला तो एक गवंडी. बांधकामाची परांची कोसळून तिच्यासकट खाली आलेला, कमरेचा मणका दबलेला. मी मोठा कॅमेरा घेऊन गेले तेव्हा त्याने दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. खुर्चीत ताठ बसला, छाती काढून, हात मांडीवर. बायको आतून म्हणत होती, अहो, टेका तरी, आणि तो तिला डोळ्यांनी दटावत होता. ऑफिसातून शिकलेली मुलगी येणार, फोटो निघणार, म्हणजे माणसाने नीटनेटकं दिसावं, एवढंच त्याला ठाऊक. दुखतं कुठे विचारलं तर म्हणाला, "आता काय, वयच झालं." मी फोटो काढले. एकेक फोटो असा की बघणाऱ्याने म्हणावं, या माणसाला धाड भरली नाहीये. मोठ्या कॅमेऱ्यासमोर माणूस आपणहून धडधाकट होतो, दादा, हे मला कुठल्याच पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरासमोरच्या बसस्टॉपवर बसले. ऊन होतं. कॅमेरा मांडीवर, पडदा वर उघडलेला, त्यावर ओढणीचं टोक. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, पोरगी मोबाइल बघतेय. दोन तास काहीच झालं नाही. मग त्याची बायको रस्ता ओलांडून आली आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला. मोठ्या कॅमेऱ्याशिवाय तिने मला ओळखलंच नाही, त्या दिवशी मी केस बांधले होते, चष्मा होता. म्हणाली, "केव्हाची बसलीयस बाळा, या मार्गाची बस हल्ली वेळेवर येत नाही." मी डाव्या हाताने कॅमेरा झाकला, उजव्या हाताने पेला घेतला आणि ते पाणी प्यायले. सगळं. पेला परत दिला, थँक्यू म्हटलं. ती आत गेली आणि मी ओढणी बाजूला करून भिंग पुन्हा त्यांच्या दारावर नेलं. अशी कशी प्यायले मी ते पाणी? तहान लागली होती, हे खरं आहे, आणि हेच मला सगळ्यात घाण वाटतं.

थोड्या वेळाने त्याची नात पायरीवरून घसरली. तीन-एक वर्षांची असेल. तो आतून धावत आला, वाकला आणि तिला एका हिसक्यात उचलून कडेवर घेतलं. मी बटण दाबून धरलं. कॅमेरा मीच निवडलेला, सेकंदाला कितीतरी फोटो काढणारा, आणि तेही गुपचूप. मुलगी रडायची थांबली. त्याने तिला खाली ठेवलं. मग भिंतीला हात लावला. मग दुसरा हात. मग तो हळूहळू भिंतीला धरूनच गुडघ्यांवर आला आणि त्याचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, किंवा रस्त्यापलीकडे मला ऐकू आला नाही. नात त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. शेवटी बायकोने येऊन त्याला बगलेत हात घालून आत नेलं. एकूण एकतीस फोटो. मी ऑफिसात आले ती अगदी भारावून. मला वाटलं, यालाच म्हणतात पुरावा! माणूस नातीसाठी वाकतो, आणि वाकल्याची किंमत काय पडते तेही त्याच फोटोंत आहे. एकतीसच्या एकतीस फोटो मी फाइलला लावून दिले.

महिन्याने एका दुपारी ऑफिसात आइस्क्रीम आलं. अधूनमधून येतं, कप आणि लाकडी चमचा. मी याआधीही खाल्लं होतं, कुणाचा तरी वाढदिवस असेल समजून. त्या दिवशी व्हॅनिला होतं. अर्धं खाऊन झाल्यावर मी मांजराला विचारलं, आज काय आहे? ते म्हणाले, "तुझंच आहे की. गवंड्याचा दावा फेटाळला. फेटाळला की साहेब आइस्क्रीम देतात, इतक्या दिवसांत कळलं नाही तुला?" दादा, मी संडासात जाऊन घशात बोटं घातली. पण आधीचे कप? त्यांचं काय करू? ते कुणाचे होते? एकाचा हात होता, एकीचे डोळे होते, मी मन लावून खरवडून खरवडून खाल्लंय.

मी फाइल काढून बघितली. एकतीसपैकी चार फोटो लावलेले. वाकला, उचललं, कडेवर घेतलं, नातीकडे बघून हसला. फोटोंच्या क्रमांकांत चौथ्यानंतर सगळं गायब. मी साहेबांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "यातला एक तरी फोटो खोटा आहे का? तुम्हीच काढलेत. निवड करणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. कॅमेरा निवडताना तुम्हीही तिघांतला एक घेतलात, दोन ठेवलेत." आणि बोट ओलं करून पुढची फाइल उघडली. मी उठून बाहेर आले. जिन्यात एक उत्तर सुचलं, खाली टायरवाल्यापाशी पोचेपर्यंत दहा उत्तरं सुचली, पण परत वर गेले नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, दादा. त्याच्या पुढच्या दिवशीही. घरी पगार पाठवायचा होता, तुझ्या गोळ्या होत्या, ही कारणं मी स्वतःला दिली. तुझं नाव पुढे करून शेण खाल्लं मी, हे तुला कळायला हवं.

गेल्या आठवड्यात गवंड्याची बायको ऑफिसात आली. हातात नकाराचं पत्र आणि त्याला जोडलेली त्या चार फोटोंची काळपट झेरॉक्स. साहेब बाहेर गेले होते, म्हणून माझ्यासमोर बसवली. मी म्हटलं, आता ही मला शिव्या देईल, द्याव्यात. तिने झेरॉक्स टेबलावर पसरली, बोटाने फोटोतली फरशी, दार, पायरी मोजली आणि कोन लावत लावत शेवटी माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बसस्टॉपवरून निघालाय हा." मग तिने झेरॉक्सची घडी घातली. उठताना म्हणाली, "ते त्या दिवसापासून अंथरुणातून उठले नाहीत. मला वाटलं, उन्हात बसलीय, कुणाची तरी लेक आहे." बस. एवढंच. टाळू जळावी तसं ते वाक्य अजून माझ्या तोंडात आहे.

मी तिच्या मागे धावत गेले, जिन्यात गाठलं, दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन एकतीसही फोटो दिले, क्रमांकांसह, आणि हे सगळे मी एकाच वेळी काढले आहेत असं सही करून लिहून दिलं. ती अपील करणार आहे. तिने मला आत बोलावलं नाही. दारातूनच कागद घेतले, आणि तेच बरोबर होतं. साहेबांना हे अजून माहीत नाही. हे पत्र पोस्टात टाकलं की मी वर जाऊन त्यांना सांगणार आहे, उजळ माथ्याने वगैरे नव्हे, नुसतं सांगणार आहे. त्यानंतर नोकरी राहणार नाही. घरी ओढाताण होईल, मला माहीत आहे. दुसरं काही मिळेपर्यंत मी शाळांचे, ओळखपत्रांचे, मिळतील ते फोटो काढीन, पण समोर बसलेल्या माणसाला माहीत असेल असेच.

आता पत्र का लिहिलं ते. परवा माझ्या टेबलावर नव्या फायली आल्या आणि तिसऱ्या फायलीवर तुझं नाव होतं. गोदाम, तारीख, कंबर, सगळं तुझं. दादा, ती फाइल उघडल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? तुला फोन नाही केला. मी माझा मोबाइल काढला आणि त्यात तुझे फोटो शोधायला लागले. छोटीच्या वाढदिवसाचा सापडला, अपघातानंतर दीड महिन्याचा, ती तुझ्या खांद्यावर बसलेली. मी तो मोठा करून बघितला. गुडघे किती वाकलेत, कमरेत बाक आहे का, चेहऱ्यावर ताण आहे का. आणि माझ्या मनात शब्द उमटले, उचलतो की हा. तुझ्याबद्दल. माझ्या डोक्यात. मग नजर खाली गेली, वहिनीने त्या फोटोखाली लिहिलं होतं, "हे आत जाऊन पडलेत, जेवायलाही उठले नाहीत," आणि त्याखाली मी पाठवलेलं लाल बदाम. तीन-साडेतीन महिने ते वाक्य माझ्या मोबाइलमध्ये होतं आणि मी फक्त फोटो बघितला होता. मला माझ्या डोळ्यांची किळस आली, दादा, साहेबांच्या ओल्या बोटाची येते त्याहून जास्त. मी साहेबांना सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे. ते म्हणाले, "काळजी करू नका, मांजर बघतील, तुमचा छोटा कॅमेरा त्यांना द्या." आणि मी दिला. सवयीने बॅटरी भरून, कार्ड रिकामं करून, भिंग पुसून दिला. तर नीट ऐक. पुढच्या आठवड्यात तुला फोन येईल, एक म्हातारे गृहस्थ मोठा कॅमेरा घेऊन येतील, फार गोड बोलतील. तेव्हा दाढी करू नकोस, इस्त्रीचा शर्ट घालू नकोस, आईने कितीही सांगितलं तरी ताठ बसू नकोस. जसा बसतोस तसाच बस, लोडाला टेकून, तिरका. ते गेले म्हणजे संपलं असं समजू नकोस. नंतर समोर कुठेतरी ते पुन्हा असतील, तुला दिसणार नाहीत. मी तुला सोंग करायला सांगत नाहीये आणि घरात दडून बसायलाही सांगत नाहीये. हे पत्र लपवूही नकोस, कुणी विचारलं तर दाखव, दावा ऐकणाऱ्यांपुढे ठेव, खाली सही आहे माझी. फक्त एक कर. छोटी रडली तर तू तिला उचलणार, तुला मी ओळखते, उचल. पण त्यानंतर कळ आली की आत जाऊ नकोस. वहिनीला दिसेल, आईला कळेल, शेजारी काय म्हणतील, म्हणून इतके दिवस तू आत जाऊन दार लावून पडतोस. या वेळी दारातच बस. भिंत धर, खाली बस, ओरडावंसं वाटलं तर ओरड. आणि कितीही लाज वाटली तरी, उठवेल तेव्हाच ऊठ.

तुझीच,
बारकी